शिट्ट्यांच्या कंपनीचा अहवाल

४ सप्टेंबर

तारीखकाका म्हणाले, "कंपनीचं जे जे करशील ते लिहून ठेव. उद्या कचेरीने विचारलं तर तोंडाकडे बघत बसू नकोस." म्हणून ही वही. आणली होती शिकाऊ लोकांच्या वेळा लिहायला. मी गाडी चालवायला शिकवते. लोक माझ्याशेजारी बसून गिअर बदलतात आणि मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घेते, असा माझा धंदा.

आणि कंपनी म्हणजे, नाव मोठं लक्षण खोटं. आईबाबांनी लग्नानंतर लगेच काढलेला पितळी शिट्ट्यांचा कारखाना. पंच, पहारेकरी, शाळेतले खेळाचे मास्तर, सगळे आमच्या शिट्ट्या फुंकायचे. मग प्लॅस्टिकच्या आल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं. मी कॉलेजात असताना आईबाबांनी घटस्फोट घेतला. तिसरं माणूस वगैरे काही भानगड नव्हती. बोलायला बसली की दोघांचंही म्हणणं बरोबर असायचं, तिथेच घोडं अडायचं. घर आईला मिळालं, यंत्रं बाबांना. कंपनीचे दोन तुकडे कसे करायचे ते कुणालाच कळेना, म्हणून ती तशीच राहिली. संचालक दोघंही.

दर वर्षी ३१ ऑक्टोबरच्या आत कंपनीचा अहवाल नोंदणी कचेरीत जावा लागतो. संचालक कोण, पत्ता काय, वर्षभरात कामकाज झालं का. नाही गेला तर नाव पुसतात. इतकी वर्षं हे तारीखकाका बघायचे. भेटले की "कशी आहेस"च्या आधी कुठली तारीख जवळ आलीय ते सांगतात, म्हणून ते नाव. आता ते मुलाकडे राहायला चाललेत. आज सगळ्या फायली त्यांनी माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर आणून ठेवल्या.

"दोघांना एकत्र बसव, मगच भर," म्हणाले. "घाई करू नकोस."

"हो हो," मी म्हटलं.

"तुझं हो हो मला माहितीये," म्हणाले. जाताना गाडीच्या टपावर उगाच दोनदा हात फिरवला. मलाच भरून आलं.

७ सप्टेंबर

झाला अहवाल! जेवणाच्या सुट्टीत, गाडीत बसून, फोनवर. आता सगळं ऑनलाइन असतं हे तारीखकाकांच्या गावीही नाही. संचालकांची संमती म्हणजे त्यांच्या फोनवर ओटीपी येतो, तो सांगायचा, बास.

आईकडे जाता जाता गेले. ती भाजी चिरत होती, टीव्ही ठणाणा चालू. मी काय करतेय ते नीट समजावून सांगितलं, तर तिने हात पुसून सरळ फोनच माझ्या हातात दिला. "घे, तूच बघ." बाबांना फोन केला. त्यांनी एकेक आकडा वाचला आणि मग विचारलं, "म्हणजे ह्या वर्षी मी यायचं नाही?"

"नाही बाबा, सुटलात!"

म्हणाले, "बरं. छान झालं."

दर ऑक्टोबरात बाबा शहराच्या त्या टोकाहून दोन बस बदलून येतात, आई आठवडाभर आधीपासून कुरकुरते, "आता तो माणूस येणार, पडदे धुवायला हवेत." दोघांचाही त्रास वाचवला मी. कुणी पाठ थोपटणार नाही, म्हणून स्वतःच थोपटून घेते.

१२ सप्टेंबर

आईने मला फाडून खाल्लं.

अहवालाची पोच छापून नेली होती. तिने चष्मा लावला, वाचत वाचत खाली आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "कामकाज नाही? असं कुणी लिहिलं?"

"मी लिहिलं. नाहीचे ना कामकाज. कारखान्याला कुलूप लागून जमाना झाला."

"मला विचारलंस?"

आणि मग जे कळलं ते मला आजवर माहीतच नव्हतं. मला वाटायचं, बाबा येतात, चहा पितात, सही करतात, जातात. मी कधी त्या दिवशी इथे नसतेच. कामाचे दिवस माझे. तर बाबा म्हणे दर वर्षी स्वतःच्या हाताने डझनभर शिट्ट्या बनवून आणतात. मग दोघं कारखान्यात बसायची तशी बसतात. बाबा बाहेरच्या खोलीत, आई आतल्या खोलीत दाराकडे पाठ करून. बाबा फुंकणार, आई ऐकून "हो" किंवा "नाही" म्हणणार. "हो" म्हटलेल्या शिट्ट्या तारीखकाका विकत घेतात, त्याची पावती होते. म्हणजे वर्षात माल बनला, तपासला, विकला. मगच ती सही करते.

"बारा महिन्यांत एक दिवस का होईना, काम होतं," आई म्हणाली. "खोट्यावर सही नाही केली मी कधी."

फुंकणं आणि ऐकणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. शिट्टीच्या पोटात बुचाची गोळी असते, तिला आमच्याकडे वाटाणा म्हणतात. तो मोकळा फिरला तर आवाज छान थरथरतो, अडला तर शिट्टी नुसती किंचाळते. मला सगळ्या शिट्ट्या सारख्याच वाटायच्या. आई मात्र भिंतीपलीकडून सांगायची, "वाटाणा जरा घासा," नाहीतर "फट रुंद झालीय." बाबा शिट्टी उघडून बघायचे आणि ती बरोबर असायची. तेवढ्या एका बाबतीत त्यांनी तिच्याशी कधी वाद घातला नाही.

मी म्हटलं, "चुकलं माझं. दुरुस्ती करता येते का बघते."

तेव्हा इतका वेळ तणतणणारी आई एकदम गार झाली. पोच घडी करून माझ्या हातात दिली. "जाऊ दे. राहू दे आता तसंच. संपलं तर संपलं."

आता हिला नक्की हवंय तरी काय?

१५ सप्टेंबर

कचेरीचं पत्र. "कामकाज नसलेल्या कंपन्यांच्या यादीत आपले नाव समाविष्ट करण्यात आले असून" वगैरे. सरळ भाषेत, ३१ ऑक्टोबरपर्यंत दुरुस्त अहवाल दिला नाही तर कंपनी पुसणार. आणि दुरुस्ती ऑनलाइन होत नाही! दोन्ही संचालक स्वतः हजर हवेत, सोबत विक्रीची पावती. चूक करायला दोन मिनिटं, निस्तरायला सगळं खानदान.

तारीखकाकांना फोन केला. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "म्हणून म्हटलं होतं, एकत्र बसव," एवढंच म्हणाले. आणि फोन ठेवता ठेवता, "मला एक शिट्टी पाठव. पैसे पाठवतो. घरात ढीग पडलाय, बायको ओरडते, पण पाठव."

१८ सप्टेंबर

बाबांकडे गेले. एक खोली, एक खाट, खिडकीपाशी ते छोटं यंत्र, पितळेचा वास. त्यांना खोकला झालाय. मी शिरले तेव्हा मांडीवर डबा घेऊन फडक्याने काहीतरी पुसत होते. मला बघून डबा खाटेखाली सरकवला.

"काय लपवताय?"

"कुठे काय. वेळ जात नाही म्हणून आपलं काहीतरी."

मी ओढून काढलाच. बारा शिट्ट्या. चकचकीत. यायचं नाही असं मीच सांगितलं होतं, तरी बनवल्या होत्या.

सगळं सांगितलं. वाटलं, खूश होतील. तर म्हणाले, "तिला नको असेल तर राहू दे गं."

"तिला नको असं कोण म्हणालं?"

ते एक शिट्टी बोटात फिरवत बसले. "गेल्या वर्षी तिने सगळ्या पास केल्या. बाराच्या बारा. एकीलाही नाही म्हणाली नाही. दोन तर माझ्याच मनातून उतरलेल्या होत्या, मुद्दाम ठेवल्या होत्या मी, ती काय म्हणते बघायला. त्यांनाही हो. तुझ्या आईने असं आजवर कधी केलं नव्हतं."

"मवाळ झाली असेल. वय झालं."

"मवाळ?" बाबा हसले, पण ते हसणं काही बरं नव्हतं. "ती चांगल्या-वाइटाला सारखंच हो म्हणाली, म्हणजे तिला आता फरक पडत नाही. सोपस्कार म्हणून बसते. मग कशाला तिला त्रास?"

मला वाईट वाटलं त्यांचं. पण खरं सांगायचं तर रागही आला. एवढी मोठी माणसं, शिट्टीवरून रुसतात.

२२ सप्टेंबर

आईला दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. खाली उभी राहून हॉर्न वाजवला. वाजवला, वाजवला. समोरच्या दुकानदाराने कानांवर हात ठेवले. आई ढिम्म. वर गेले तर बाई खुर्चीत बसून शांतपणे लोकर गुंडाळतेय, पाठ माझ्याकडे. खांद्याला हात लावला तर दचकली आणि उलट मलाच ओरडली, "चोरासारखी काय येतेस!"

हल्ली ही असं मुद्दाम करते. पटलं नाही की लक्षच देत नाही.

गाडीत परत विषय काढला. बाबांनी शिट्ट्या बनवल्यात, तू फक्त बस. तर म्हणे, "दात दुखतोय." दाताचं झाल्यावर? "पाहुणे येणारेत." कोण पाहुणे? त्यावर खिडकीबाहेर बघत बसली. आणि मग माझा कानांवर विश्वास बसेना असं बोलली, "बाजारातून एक शिट्टी आणून वीक तारीखकाकांना. कोण बघायला येतंय?"

ही तीच बाई, जी कधी खोट्यावर सही करत नाही! मी सिग्नलला गाडी बंद पाडली. मी!

३० सप्टेंबर

काही नाही. दोन विद्यार्थी पास, एक नापास. आईशी अबोला. म्हणजे मी धरलाय, तिच्या लक्षात आलाय की नाही माहीत नाही.

६ ऑक्टोबर

अबोला माझ्याच्याने झेपत नाही. आज गेले आणि तिच्यासमोर बसून सगळं ओकले. बाबा काय म्हणाले ते. बाराच्या बारा पास. तिला फरक पडत नाही असं त्यांना वाटतं.

आई माझ्या तोंडाकडे एकटक बघत होती. मी थांबल्यावर म्हणाली, "दोन खराब होत्या त्यात?"

"मुद्दाम ठेवलेल्या म्हणे."

तिने गॅस बंद केला. भांड्यात अजून पाणी उकळायचं होतं, तरी बंद केला. ओट्याला धरून उभी राहिली. डोळे भरलेले. मी उठून जवळ गेले तर म्हणाली, "मला फरक पडत नाही, असं म्हणाले ते?"

"मग सांग ना त्यांना, तसं नाहीये म्हणून."

"काय सांगू?"

"जे खरं आहे ते."

"तू जा आता," म्हणाली. "शिकवणी असेल तुझी."

नव्हती. तरी गेले. जिन्यात बसून राहिले थोडा वेळ. मला वाटतं, तिला अजून त्यांच्यावरचा जुना राग आहे.

१४ ऑक्टोबर

आज अक्षराला हसू नये.

आज दंतवैद्य बाईंची शिकवणी. लोकांचे दात निर्धास्त उपटतात, पण रिव्हर्स घ्यायचं म्हटलं की घाम फुटतो. आईची गल्ली सरळ आहे, तिथेच त्यांना रिव्हर्सचा सराव देत होते. आरशात दिसलं, आई कचऱ्याची बादली घेऊन बाहेर पडली आणि गाडीच्या बरोब्बर मागून चालायला लागली. गाडीचं पीं पीं चालू होतं. मी हॉर्न दाबला. ती वळली नाही. मी "आई!" म्हणून ओरडले. ती वळली नाही. बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी भलतंच दाबलं.

माझ्या बाजूचा ब्रेक मी असा हाणला की दोघींची कपाळं पुढे गेली. गाडी थांबली ती आईपासून वीतभर. आणि आई? वाकून सुटलेला बूट बांधत होती. तिला पत्ताच नाही. मग गाडीची सावली दिसली असावी, मान वर केली.

तिच्या तोंडावर जे आलं ते बघून मला एका क्षणात सगळं कळलं. हॉर्न, टीव्ही, खांद्यावरचा हात. अगं बाई गं. किती मठ्ठ मी. दिवसभर लोकांना "आरशात बघा, आरशात बघा" म्हणून ओरडत असते.

दंतवैद्य बाईंना रिक्षात बसवून दिलं. आईला वर नेलं, पाणी दिलं. तिच्यासमोर बसून, ओठ नीट हलवत विचारलं, "कधीपासून?"

"बारीक आवाज आधी गेले," म्हणाली. "पाखरं गेली. मग दाराची घंटा. माणसांचं येतं, तोंडाकडे बघितलं की. शिट्टी नाही येत. गेल्या वर्षी बसले होते तेव्हा नुसती शांतता. ते फुंकतायत की नाही तेही कळेना. अंदाजाने हो हो म्हणत गेले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू त्यांना सांगितलं असतंस."

मी सांगितलं असतं, खरंय.

"सांगितलं तर काय होईल? आईचे कान गेले म्हणून बाबा काय—"

"तुला नाही कळायचं." मग पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "माझ्या हातचं जेवण नाही आवडलं त्या माणसाला. माझा हिशेब नाही आवडला, माझं बोलणं नाही, माझे भाऊ तर नाहीतच नाहीत. तेवढे कान आवडायचे. गिऱ्हाइकांना सांगत सुटायचे, आमच्या हिचे कान म्हणजे कान. तेही गेले म्हटल्यावर यायचं कशाला त्यांनी? माझी कीव करायला? वर्षातून एक दिवस कीव करून घ्यायला पडदे धुऊ मी?"

मी तिला मिठी मारली. ती अशी बारीक कधी झाली, कळलंच नाही. तिने मला शपथ घातली, बाबांना सांगायचं नाही. घेतली मी. आता शपथेचं काय करू ते कळत नाही.

१९ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरची वेळ डिसेंबरातली मिळाली. मशीन बसलं तरी इतका बारीक आवाज कळेलच असं नाही, असं तिथल्या मुलीने फोनवर सांगितलं.

कंपनी पुसू द्यावी का? मी आज गाडीत बसून खूप विचार केला. पुसली तर आईची लाज राहते, पण बाबा मनात धरून बसणार की हिला माझं काही वाटत नाही. आणि बाबांना खोकला आहे, आई सत्तरी ओलांडलेली. काही झालं तर ते तसंच मनात राहून जाणार. मला ते नकोय. दोघांनी एका घरात राहावं असं माझं म्हणणं नाही, तसं झालं तर मीच घर सोडून पळेन. पण वर्षातला तो एक दिवस असावा.

संध्याकाळी आईला एवढंच म्हटलं, "तू बसली नाहीस तर ते समजायचं ते समजणार."

विचार करून म्हणाली, "बोलव. ह्या वेळी दोन-तीन नापास करते. म्हणजे त्यांना बरं वाटेल."

न ऐकता नापास! मला हसूही आलं आणि रडूही. पण तिने पडदे काढले, ते मी पाहिलं.

२७ ऑक्टोबर

आज बाबा आले. गाडीने आणते म्हटलं तर नको म्हणाले, दोन बस बदलून आले. दाढी केलेली, बगलेत डबा. आईने धुतलेले पडदे लावले होते, साखर कमी घालून चहा केला. "तब्येत?" "ठीक." "तुमची?" "ठीक." घटस्फोटानंतर बाबा तिला तुम्ही म्हणतात, बँकेतल्या बाईंना म्हणावं तसं.

मग आई आत जाऊन दाराकडे पाठ करून बसली. बाबा बाहेर स्टुलावर. मी मध्ये दारात. मला दोघंही दिसत होती.

बाबांनी पहिली फुंकली. छान वाजली, माझ्या मते.

"हो," आई म्हणाली.

दुसरी. "हो."

तिसरी बाबांनी उचलली, ओठांशी नेली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. शिट्टी खाली घेतली, रुमाल तोंडाला लावला.

"नाही," आतून आई म्हणाली. अगदी ठामपणे.

बाबा थांबले. हातातल्या शिट्टीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी शपथ घेतली होती, म्हणून जमिनीकडे बघत राहिले, पण जमिनीकडे कुणी असं बघतं का? त्यांनी चौथी उचलली. ओठांना लावली. फुंकली नाही. नुसती धरली.

"हो," आई म्हणाली.

बाबांनी शिट्टी डब्यात ठेवली. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि जातील. किंवा काहीतरी गोड, खोटं बोलतील, आणि तिला ते कळेल, आणि मग परत कधी हा दिवस येणार नाही. आतून आईचा आवाज आला, "पुढची?" आणि त्या आवाजात इतकी भीती होती की मला ते ऐकवेना.

बाबा उठले. एका हातात डबा, एका हातात स्टूल. माझ्या बाजूने आतल्या खोलीत गेले आणि स्टूल आईच्या समोर ठेवून बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. कारखान्याच्या दिवसांपासून कधी बाबा तपासणीच्या वेळी आतल्या खोलीत गेले नव्हते.

आईचा चेहरा पांढरा पडला. "तुम्ही इकडे कशाला?"

"हात दे," बाबा म्हणाले.

तिने दिला नाही. त्यांनीच घेतला. तिसरी शिट्टी तोंडात धरली आणि आईची दोन बोटं शिट्टीच्या पोटावर टेकवली. तिथेच आतून वाटाणा फिरतो. आणि फुंकली.

आईने डोळे मिटले. त्यांनी परत फुंकली, लांब. दम पुरला नाही, मध्येच तुटली, परत फुंकली. आईची बोटं जरा सरकली, दाबली, ढिली झाली.

"अडखळतोय," ती म्हणाली. "एका बाजूला टेकतोय. गोल नाही झालेला."

बाबांनी खिशातून चिमटा काढून वाटाणा बाहेर काढला, उजेडात धरला. किती वेळ बघत होते. "एका बाजूने चपटाय," म्हणाले. मग तिच्या तोंडासमोर तोंड आणून, सावकाश, "मला वाटलं, तुला आता चांगलं काय नि वाईट काय, सगळं सारखंच झालंय."

"कान गेलेत माझे," आई म्हणाली. "अक्कल नाही गेली."

आणि रडायला लागली. बाबांना माणसं रडली की काय करावं ते कधीच कळत नाही. त्यांनी पुढची शिट्टी उचलली आणि तिची बोटं परत जागेवर ठेवली.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती, परत घासली. आतून शिट्ट्या ऐकू येत होत्या आणि मध्ये मध्ये आई, "ही बरी." "नाही." "ही चांगलीय, ह्याला काय केलंत?" नंतर दोघांचा वाद सुरू झाला, फटीच्या रुंदीवरून. चांगला मोठ्याने. शेजारणीने दार उघडून बघितलं.

आठ पास झाल्या, चार नापास.

२९ ऑक्टोबर

तारीखकाकांचे पैसे आले, पावती झाली. त्यांना एक शिट्टी काल पोस्टाने गेली.

दोघांना कचेरीत घेऊन गेले. खिडकीतल्या बाई चष्म्यावरून बघतात, मी शिकाऊ लोकांकडे बघते तशा. दुरुस्त अहवाल, पावती, दोन्ही संचालक हजर. बाईंनी आईला विचारलं, वर्षभरात कामकाज झालं का. त्या खाली मान घालून बोलल्या, म्हणून आईला कळलं नाही. मी पुढे होणार तेवढ्यात बाबांनी तिच्या कोपराला हात लावला, तिने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी प्रश्न परत विचारला, ओठ नीट हलवत. ती बाईंना म्हणाली, "झालं. परवाच झालं." दोघांनी सह्या केल्या. शिक्का बसला. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या चष्मेवाल्या बाईंना धन्यवाद दोनदा म्हटलं.

आईला आधी घरी सोडलं. उतरताना तिने दार धरून ठेवलं आणि आत वाकून बाबांना सांगितलं, "त्या चार नापास आहेत त्या नीट करून गुरुवारी घेऊन या."

मी म्हटलं, "अगं आई, अहवाल गेला. आता वर्षभर काही करायला नको."

"अहवालाचं तू बघ," ती म्हणाली. "मालाचं आम्ही बघतो."

मग बाबांना सोडायला निघाले. त्यांनी मांडीवर रुमाल पसरून चारही नापास शिट्ट्या मांडल्या. सगळा रस्ता एकेक उचलून, खिडकीकडे धरून, बोट टेकवून तपासत होते. पुलापाशी गाड्या तुंबल्या होत्या, तेव्हा म्हणाले, "ह्या दोन्हींत खरंच दोष आहे. पण ह्या दोन... ह्यांत मला तरी काही सापडत नाही. उत्तम झाल्यात."

"मग आईला सांगितलं का नाही?"

बाबांनी त्या दोन वेगळ्या रुमालात गुंडाळल्या. "गुरुवारी नेतो ना," म्हणाले. "बघू काय म्हणते."